मनगटावरचं नाव

३० जानेवारी, गुरुवार
वंदना गेली. पुण्याला नोकरी लागली तिला. आमच्या कर्णबधिर मंडळात टाळ्या वाजवत नाहीत, दोन्ही हात वर करून हलवतात. तसा निरोप दिला सगळ्यांनी. चौदा वर्षं मी इथली अध्यक्ष, आणि चौदा वर्षं ही पोरगी माझं बोलणं हातांनी सांगायची, त्यांचे हात मला बोलून दाखवायची. आईवडील दोघंही बहिरे, त्यामुळे खुणांची भाषा तिला पाळण्यातच आली. मला आली नाही. आली नाही म्हणजे — शिकले नाही.

जाताना सहज विचारलं, इथे प्रत्येकाला खुणेचं नाव असतं ना, मग माझं काय? टाळायला लागली. मी सोडते काय! मुख्याध्यापिका होते मी. शेवटी तिनं डाव्या मनगटावर दोन बोटं टकटक केली. घड्याळ.

"मनावर नका घेऊ इंदुताई. तुम्ही आल्या की घड्याळच पाहून राहता, म्हणून ठेवलं त्यांनी. लय जुनं नाव आहे."

३१ जानेवारी
घड्याळ घातलं नाही दिवसभर. तरी मनगटाकडे बघतच होते.

१ फेब्रुवारी, शनिवार
वंदनाशिवाय पहिली सभा. सदर भागातला नेहमीचा हॉल, चाळीस माणसं. मी उभी राहिले आणि चक्क बोलायला लागले! कोणी हसलं नाही, ते जास्त लागलं. मग छापील कागद वाटले. निम्म्यांना नीट वाचता येत नाही हे ठाऊक असून वाटले. आणि भिंतीवर माझ्याच अक्षरातली पाटी — 'शिकणं थांबलं की माणूस थांबला.' लोका सांगे ब्रह्मज्ञान.

सभेनंतर देवाजी आला. इतवारी बाजारात भांड्यांवर नावं कोरतो, साठीचा आहे, मंडळात पहिल्यापासून. त्यानं आपला उजवा हात दाखवला, माझ्याकडे बोट केलं, परत हात दाखवला. तीनदा. मला काही कळेना. मग त्यानं माझा हात धरला आणि बोटं दुमडायला लागला. हे काय! मी हात ओढून घेतला. खाली ऑटोवाला ताटकळला होता. घड्याळ बघितलं — हो, बघितलंच — आणि कागदावर 'सोमवारी या' लिहून त्याच्या हातात दिलं. त्यानं नीट घडी करून खिशात ठेवलं.

३ फेब्रुवारी, सोमवार
देवाजी आला नाही. बरं वाटलं. लाज वाटते लिहायला, पण बरं वाटलं.

४ फेब्रुवारी
त्याच्या मुलीचा, रीनाचा फोन आला. तिला ऐकू येतं.

"ताई, बाबाले रविवारी सकाळी लकवा मारला. जीव वाचला, पण उजवा हात गेला. काही सांगूनच नाही राहिले."

उजवा हात. कोरायचा तोच आणि बोलायचाही तोच. शनिवारी तो हातच तर दाखवत होता मला! हात जड झाला, बधिर झाला, दवाखान्यात न्या — दुसरं काय सांगत असणार? आणि मी म्हटलं, सोमवारी या.

ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "तू काय डॉक्टर आहेस? कळून तरी काय केलं असतं?" दवाखान्यात नेलं असतं. रात्र जायच्या आत नेलं असतं. जेवणावरून उठले.

८ फेब्रुवारी, शनिवार
दवाखान्यात गेले. दारातच घड्याळ काढून पर्समध्ये टाकलं. देवाजी पडून होता. उजवा हात चादरीवर ठेवलेला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. माझ्याकडे बघत राहिला. रीना शेजारीच होती, तिच्याकडून विचारून घेता आलं असतं — त्या दिवशी काय सांगत होते? संत्री ठेवली आणि निघाले. भित्री आहे मी, दुसरं काही नाही.

१३ फेब्रुवारी
मोबाईलवर बघून तीन खुणा शिकतेय. चूक. माझी. माफ करा. आरशासमोर शंभर वेळा केल्या असतील. बोटं ऐकत नाहीत. माझ्या वर्गात असं पोर असतं तर मी त्याला मागच्या बाकावर बसवलं असतं — आणि बसवलंही आहे. ह्यांनी आधी थट्टा केली, "म्हातारपणी नाच शिकून राहिली काय?" मग मुकाट्यानं मोबाईल धरून उभे राहिले.

१८ फेब्रुवारी
राजीनामा लिहिला. चार कागद फाडले, प्रत्येकात 'चौदा वर्षांची सेवा' येत होतं. कसली सेवा? वेळ देत होते, तोही मोजून. एवढ्या वर्षांत एकाही माणसाशी मी स्वतः बोललेली नाही. सेवा म्हणायची लायकी नाही त्याची. पाचव्या कागदावर फक्त सही आणि तारीख ठेवली. शनिवारी देऊन टाकणार. आधी देवाजीकडे.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार
इतवारीत त्यांच्या घरी गेले. तीन खुणा केल्या. देवाजींनी परत करायला लावल्या, दोनदा. मग डाव्या हातानं, अडखळत, खूप वेळ काहीतरी सांगितलं. रीना म्हणाली —

"बाबा म्हणतात, माफी काहाची? शनिवारी हात चांगलाच होता. वंदना गेली, ताई एकटी पडली, म्हणून ते तुमाले खुणा शिकवतो, हे सांगाले आलते. रोज पाच वाजता."

मग त्यांनी माझा उजवा हात उचलून माझ्याच मांडीवर ठेवून दिला. माझा डावा आपल्या डाव्या हातात घेतला आणि एकेक बोट दुमडायला लागले. मी ओढला नाही.

राजीनामा पर्समध्येच राहिला. निघाले तेव्हा किती वाजले होते, ठाऊक नाही.