खिडकीकडची शेवटची खुर्ची

कलबुर्गी, कूलरच्या समोरून

तीर्थरूप सिद्धलिंगमामांना, तुमच्या दानेश्वरीचा आवाज न करता केलेला शरणु शरणार्थी.

नवी कवळी बसली का? मामी सांगत होत्या की तुम्ही ती फक्त पाहुणे आले की लावता आणि जेवताना काढून ठेवता. असं उलटं करू नका, ती जेवणासाठीच असते. मामींना आणि सगळ्या निंबर्गेकरांना माझा नमस्कार. मी खुशाल आहे. म्हणजे मला बसायला जागा मिळाली आहे. आमच्याकडे खुशाल म्हणजे सध्या एवढंच.

हातात फोन असताना ही पोरगी पत्र का लिहिते, असं तुम्हांला वाटेल. एक तर तुम्ही फोनवर बोलता तेव्हा स्पीकर चालू असतो आणि दुकानातलं गिऱ्हाईक मध्येमध्ये हुंकार भरतं. दुसरं म्हणजे इथे मोबाइल दारातच ठेवून घेतात. आणि तिसरं, खरं कारण असं की आमच्या इतिहासाच्या वाचनालयात जो लिहीत असतो त्याला कुणी उठवत नाही. वाचणाऱ्याला उठवतात (तो वाचतोय की झोपलाय हे लांबून कळत नाही), आणि नुसता विचार करणाऱ्याला तर सगळ्यांच्या आधी उठवतात. म्हणून चनमल्लप्पा सर, म्हणजे आमचे ग्रंथपाल, फेरीला निघाले की मी हे पत्र पुढे ओढते. आत्ताच ते माझ्याकडे मोठ्या कौतुकाने बघून गेले.

हे वाचनालय खरं तर आम्हा इतिहासवाल्यांसाठी आहे, दारावर तशी पाटीही आहे. पण अख्ख्या इमारतीत चालू स्थितीतला एकुलता एक कूलर इथे आहे, आणि कलबुर्गीचं ऊन तुम्हांला मी काय सांगावं! त्यामुळे फौजदार व्हायचे असलेले, पंचायतीत पीडीओ, म्हणजे विकास अधिकारी, व्हायचे असलेले, बँकेच्या परीक्षेला बसलेले असे सगळेजण सकाळी दार उघडायच्या आत इतिहासाचे भक्त होऊन उभे असतात. जागा धरायची पद्धत आपल्या बसस्टँडावरची. बस थांबायच्या आत खिडकीतून टॉवेल आत टाकला की सीट आपली. तसंच इथे दार उघडलं की लांबूनच टॉवेल, ओढणी, हाताला लागेल ते फेकायचं, ज्याचं आधी पडेल त्याची खुर्ची. चनमल्लप्पा सरांनी सुरुवातीला फार विरोध केला. पण ते स्वतः आळंदच्या बसने याच पद्धतीने येतात, त्यामुळे त्यांचा आवाज चढेना. शेवटी टॉवेल धुतलेला असावा, एवढा एकच नियम राहिला.

खिडकीकडच्या टेबलाची शेवटची खुर्ची माझी. तिच्या पाठीमागे दोन लोखंडी कपाटं आहेत, त्यांत निजामाच्या काळातल्या आठवडी बाजारांचे अहवाल आहेत, आणि माझा प्रबंध त्यांच्यावरच आहे. (आमच्या मुडबीच्या लिंगम्मा आत्याला हे समजावून सांगितलं तर ती म्हणाली, ‘बाजार वाचायलीस व्हय? बाजारादिवशी मुडबीला ये की, फुकट दाखविते.’) जूनअखेर प्रबंध द्यायचा आहे. दिला तर पुढे संशोधनाला नाव घालता येईल, नाही दिला तर दोन वर्षं मी कूलरसमोर बसून आले असं होईल.

आता आमच्या वसतिगृहात पाहुण्यांना आत सोडत नाहीत. म्हणून मुडबीहून कुणीही दवाखान्याला, कोर्टाला, चष्म्याला कलबुर्गीला आलं की अप्पा त्याला माझ्या खुर्चीचा पत्ता देतात. गावचा माणूस शहरात आला आणि आपल्या माणसाकडे टेकला नाही, तर गावात तोंड कसं दाखवणार? अशाने माझी खुर्ची म्हणजे सगळ्या भावकीची ओसरी झाली आहे. लिंगम्मा आत्या तर एकदा कडक भाकरी आणि शेंगांची चटणी घेऊन दुपारभर बसली होती. समोर एक होणारा पीडीओ वाचत होता, त्याला म्हणाली, ‘लेकरा, किती वर्सं झाली रं वाचायलास? अजून पाठ होईना व्हय?’ तो दुसऱ्या दिवसापासून मुख्य इमारतीत बसतो. तिथे पंखाही नाही.

पण हे सगळं परवडलं. परवा जे झालं ते ऐका. अप्पांनी माझ्यासाठी हुमनाबादचं एक स्थळ काढलं आहे हे तुम्हांला ठाऊक असेलच (मला नव्हतं). मुलगा रविकुमार, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान. मुलगी बघायची कुठे? घरी बोलावलं तर मी सुट्टी घेऊन येणार नाही, म्हणून अप्पांनी ठरवलं की थेट वाचनालयातच बघा. पुस्तकांत बसलेली मुलगी शिकलेली दिसते, आणि चुरमुऱ्यांचा सुसला नि चहाही करावा लागत नाही. मला कळवलं नाही, का तर मी सहज दिसावी. पत्ता नेहमीचाच दिला: खिडकीकडची शेवटची खुर्ची.

आणि नेमका त्याच दिवशी मल्लेश्वरीचा टॉवेल माझ्या ओढणीच्या आधी पडला. मल्लेश्वरी म्हणजे माझी मैत्रीण, फौजदाराच्या परीक्षेला बसली आहे, पहाटे मैदानावर धावून येते आणि टॉवेलचा नेम चुकत नाही. मी मुकाट्याने दोन कपाटांच्या मधे फरशीवर बसले आणि बाजारगावांचा नकाशा पसरून काम करत राहिले. थोड्या वेळाने मुलगा, त्याची आई गंगम्मा आणि एक काका असे तिघेजण आले. चनमल्लप्पा सरांनी त्यांना वाचक समजून एकेक जाड ग्रंथ हातात दिला आणि बसवलं. आता मुलगी बघायची म्हणजे नाव काय, शिक्षण काय, भाकरी येते का, हे विचारायला हवं. काकांनी तोंड उघडलं की सर टेबलावर पट्टी आपटायचे. शेवटी बिचाऱ्यांनी नुसतं बघितलं. मल्लेश्वरी पाणी प्यायला उठली तेव्हा गंगम्मांनी तिची चालही बघून घेतली. (ती चाल कवायतीची आहे, मामा. फरशी हलते.) जाताना गंगम्मांनी तिच्यापुढे पाच फळं ठेवली आणि कपाळाला कुंकू लावलं. मल्लेश्वरीला वाटलं कुणाचा तरी नवस फिटला असेल. तिने एक केळं मला दिलं. माझ्याच सोयरिकीचं केळं मी कपाटामागे बसून खाल्लं, आणि ते चांगलं पिकलेलंही होतं.

मुलगा म्हणून जो कुणी होता, तो मधेच कपाटांकडे येऊन उभा राहिलेला मला आठवतो. म्हणजे त्याचा बूट आठवतो. तो बूट माझ्या नकाशावर, बरोबर हुमनाबादेवर होता. मी वर न बघता ‘पाय काढा’ म्हटलं. त्याने काढला.

रात्री जेवताना अप्पांचा फोन आला. पसंती आली होती आणि अप्पा आनंदात होते, पण जरा गोंधळलेलेही. म्हणाले, ‘गंगम्मा म्हणायल्या पोरगी ताठ चालती, मान वर करून बघती, घर धाकात ठेवील. तू कधीपासून मान वर करायलीस?’ मल्लेश्वरीला सांगितलं तर ती टॉवेल तोंडात कोंबून हसली आणि म्हणाली, ‘माझंच ठरीव म्हन की. पन परीक्षा होईपतोर खुर्ची सोडनार न्हाई.’

अप्पा वैशाखातला मुहूर्त बघायलेत. प्रबंधाचं विचारलं तर म्हणाले, ‘लगीन झाल्यावर लिही की. कागद काय पळून जायलेत?’ मामा, कागद पळून जात नाहीत हे खरं आहे. थोरल्या नागम्माक्काचेही गेले नाहीत; लग्नासाठी शिक्षण अर्धवट सोडलं तेव्हापासून ते तिच्या सासरी धान्याच्या कोठीवर बांधून ठेवलेले आहेत, मागच्या दिवाळीला मी बघितले. तिने गाठोडं खाली काढायला मला हात लावू दिला नाही. मला तेव्हापासून खरंच भीती वाटते. मला लग्न नको असं नाही, मला जूनअखेर हवी आहे.

असो. फक्त कवळीची चौकशी करावी म्हणून हे पत्र लिहिलं. दुसरं काही काम नाही. चनमल्लप्पा सर पुन्हा निघालेत, तेव्हा अजून दोन ओळी लिहिणं भाग आहे. मामींना सांभाळा आणि वाकून बोलताना कवळी धरा.

तुमची भाची,
दानेश्वरी

ता. क. एक काम होतं. सोदरमामा पाठीशी उभा राहिल्याशिवाय आपल्यात अक्षता पडत नाहीत, आणि मला मामा एकच. तुम्ही यंदा श्रीशैलला चालत जायचा नवस बोलला होतात असं अप्पांना कळवाल का? बोलला नसाल तर हे पत्र वाचून झाल्यावर बोला, म्हणजे खोटं होणार नाही. परत कधी येणार हे मल्लय्यालाच माहीत, असं सांगा. देवाचं नाव घेतलं की अप्पा हट्ट करत नाहीत.

आणखी ता. क. पाकीट चिकटवणार तेवढ्यात पुन्हा अप्पांचा फोन. (दारात ठेवलेला मोबाइल वाजला, म्हणून बाहेर जाऊन घेतला, ओढणी खुर्चीवर टाकून.) घोटाळा उघडा पडला. रविकुमार त्याच्या आईला म्हणाला म्हणे, ‘खुर्चीवरली फौजदार व्हायलीय, अव्वा. मला ती कपाटात बसलेली पसंत हाय. पाय काढा म्हणलेली.’ गंगम्मांनी चौकशी केली तर कपाटातली तुमची भाची निघाली. वर त्याने निरोप धाडलाय की नकाशावर बुटाचा डाग पडला असेल तर तो येऊन नवा काढून देईल, आणि प्रबंध जूनला आहे म्हणजे जूनच्या कुठल्या तारखेला, असंही विचारलंय. हे त्याला कुणी सांगितलं कोण जाणे. मी काहीच उत्तर दिलेलं नाही. तेव्हा मामा, नवस कायम. श्रीशैलला अवश्य जा. पण त्याच्या पुढे जाऊ नका.