फ्रीझरमधल्या गाळाची वाटणी

मी, डॉ. बेबीनंदा भिवा मगरे, वय अडुसष्ट, सेवानिवृत्त भूविज्ञान प्राध्यापिका, राहणार टेंभुर्णी, तालुका जाफ्राबाद, जिल्हा जालना, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे, डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कोणाचाही दबाव नाही. मी दबावाला बधणारी असते, तर हा कागद माझ्या भावाने कधीच लिहून घेतला असता.

कलम १. राहतं घर माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे. ते धाकटा भाऊ नागसेन व त्याची पत्नी दीपमाला यांना समान हिश्श्याने द्यावं. आजारपणात दोघांनी माझं जीव लावून केलं. बँकेतली शिल्लक पुतणी प्रीतीच्या शिक्षणाला. काय शिकायचं ते तिने ठरवावं, नागसेनने मधे बोलू नये.

कलम २. मागच्या खोलीतला आडवा फ्रीझर आणि त्यातला गाळ यांवर नागसेनचा हक्क नाही. का, ते इथे लिहिते, कारण तोंडी सांगून सांगून घसा बसला.

समुद्र इथून रात्रभराच्या प्रवासावर, तरी माझं आयुष्य कोकणातल्या एका खाडीकाठच्या दलदलीत गेलं. तिथे नळी ठोकून गाळाचा उभा दांडा काढायचा. त्याला आम्ही कोअर म्हणतो. त्यात वाळूच्या कणाएवढ्या जीवांची कवचं असतात. भरतीच्या कडेचे जीव वेगळे, उघड्या समुद्रातले वेगळे. कुठल्या थरात कोण सापडतं, त्यावरून हजारो वर्षांमागे समुद्र कधी आत आला, कधी हटला ते कळतं. ओल्या कुंचल्याच्या टोकाने एकेक कवच उचलत मी डोळे घालवले.

कोअर उभा चिरतात. अर्धा कामाला, अर्धा राखीव. राखीव अर्ध्याला कुणी हात लावायचा नाही. उद्या कुणाला शंका आली तर त्याने उघडून पाहावं, म्हणून तो थंड जपायचा. माझा कामाचा अर्धा वापरून संपला. राखीव अर्धा मी निवृत्त झाल्याबरोबर कॉलेजने भंगारात काढला. मी टेम्पो करून तो घरी आणला. त्या दलदलीवर आता भराव टाकून प्लॉट पाडलेत, म्हणजे असा कोअर पुन्हा मिळणं नाही. संस्थांना पत्रं लिहिली. एकीने जागा नाही म्हणून कळवलं, बाकीच्यांनी उत्तरसुद्धा दिलं नाही.

आणि घरात काय? फ्रीझर उघडावा तर गाळावर श्रीखंडाचा डबा! नागसेन म्हणतो, "अक्का, गाळच पाह्यजे तर आपल्या तळ्यातून ट्रॉलीभर आणून देतो की. ह्या चिखलापायी मशीन कामून चालू ठेवून राह्यलीस?" दीपमाला म्हणते, "ताई, वास येऊन राह्यला, पाहुणे काय म्हणतील?" अगं, खाडीच्या गाळाला काय अत्तराचा वास येणार आहे! कपाळ बडवून घ्यावंसं वाटतं.

कलम ३. अंत्यविधी बुद्धवंदना घेऊन साधेपणाने करावा. पुण्यानुमोदनाच्या जेवणाचं सामान ठेवायला फ्रीझर रिकामा करू नये. दीपमाला, हे तुला लिहिलंय.

कलम ४. सूक्ष्मदर्शक प्रीतीला. एकदा तिने डोळा लावला आणि म्हणाली, "आत्या, हे तर शंखावानी दिसून राह्यलं!" मग मोबाईल वाजला आणि ती गेली. तेवढंही या घरात दुसऱ्या कुणी पाहिलेलं नाही.

कलम ५. गाळाचा राखीव अर्धा मी फ्रीझरसकट डॉ. अप्पाराव तौर, मूळ राहणार घनसावंगी, यांना देते.

हो नागसेन, तोच अप्पा. एम.एस्सी.ला माझ्या वर्गात होता. माझ्या कोअरमध्ये मधे एक वाळूचा थर आहे. मी म्हणते, समुद्र हळूहळू आत चढत आला त्याची ती खूण. तो म्हणतो, एका वादळाने फेकलेली वाळू. भर परिषदेत म्हणाला, "बाईंनी कवचं मोजली बराबर, पण त्यांना ती समजली न्हाईत." लोक हसले. पुढे वर्षानुवर्षं जिथे तिथे हेच छापत राहिला. आजही आठवलं की अंगाची लाही होते.

पण माझा प्रत्येक तक्ता त्याने तपासला, तळटीपासकट. माझ्या विद्यार्थ्यांनी माझा प्रबंध वाचला नाही, परीक्षकांनी तरी वाचला का, याची शंका आहे. अप्पाने वाचला. हा गाळ थर न थर उघडून पाहील असा तो एकच माणूस उरलाय, आणि तो मला खोटं पाडायलाच पाहील. चालेल.

अप्पा, नुसता वाळूचा थर बघू नकोस, त्याच्या वरखालचंही बघ. माझं चुकलेलं निघालं तर तसं छाप. फक्त नाव पूर्ण टाक. बी. बी. मगरे छापलं की लोक मला 'महोदय' लिहितात.

कलम ६. अप्पाराव माझ्याआधी गेल्यास गाळ कुणाला द्यायचा, ते नाव इथे हवंच, असं वकीलबाई म्हणतात. आठवडाभर विचार केला. दुसरं नाव सुचलं नाही, म्हणून जागा मोकळी सोडली आहे: ____________

अप्पा, तब्येत सांभाळ.

लिहून ठेवणार: (सही) बेबीनंदा भिवा मगरे

आम्हा दोघांदेखत सही झाली:
१. (सही) डॉ. आदिनाथ खरात, दवाखाना, टेंभुर्णी
२. (सही) तुळजाबाई साळवे, शेजारी

टेंभुर्णी, दिनांक ९ नोव्हेंबर २०२५