कोपरा फाटलेलं कार्ड

सेक्टर २, भिलाई. मंगळवार, मार्च १९६१

मायचं कार्ड आज आलं एकदाचं. महिनाभर दुसऱ्या सेक्टरात भटकलं. तिथंही आमच्याच नंबरचं क्वार्टर हाये. पण कोपरा फाटलेला! आमच्याकडे असं कार्ड म्हणजे मरणाचीच बातमी. बायको दारातूनच ओरडली, "घरात आणू नका ते!" आणि तिनं शेगडीवर आंघोळीचं पाणीही चढवलं.

पायरीवर बसून वाचलं. मायनंच कोणाकडून तरी लिववून घेतलं होतं: "गाय व्याली, कालवड झाली. तू पत्र कावून नाई टाकून राहिला?"

मंग कोपरा कोणी फाडला? टपालातच फाटला असन.

बायको रडता रडता हसली. म्हणे, "पाणी तापलंच हाये, तर करून घ्या आंघोळ."

केली. आता मायले उत्तर लिवून राहिलो. कार्डाचे चारही कोपरे आधी तपासून घेतले.