पहिला शब्द पाणी

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

प्रिय टोल्या,

नमस्कार. आम्ही घरी सगळे बरे आहोत. मावशी आता डावा हात खांद्यापर्यंत उचलते, असं तुझ्या बायकोने आमच्या हिला सांगितलं. ऐकून आनंद झाला. तुला खिडकीची खोली मिळाली म्हणे. अभिनंदन.

फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तू अडचणीचं आलं की हसतोस आणि मग मीही हसतो. पस्तीस वर्षं हेच चाललंय. कागदावर तुला हसता येणार नाही.

गेल्या महिन्याच्या चोवीस तारखेची सकाळ तुला सांगायची आहे. आंघोळ करून मी देवासमोर बसलो होतो. नोकरी गेल्यापासून माझं हे बसणं लांबलंय. ही म्हणते, देवालाही आता थोडा वेळ एकटं राहू द्या. तर मी डोळे मिटून बसलेलो असताना दार वाजलं. हिने उघडलं. दारात पन्नाशीच्या आसपासची एक बाई, खांद्यावर कापडी पिशवी, गळ्यात मोजमापाची फीत तशीच. हातातलं शिवणकाम टाकून आलेली. तिने विचारलं, बोलपाटीवाले दादा इथेच राहतात का?

मी उठून बाहेर आलो. तिने पिशवीतून फोन काढून टेबलावर ठेवला. काच तडकलेली होती.

ती म्हणाली, "दादा, माझा माणूस तीन महिने फक्त पाणी म्हणतोय."

मला कळलं नाही. तेव्हा तिनेच फोन चालू केला, मी बनवलेली बोलपाटी उघडली आणि एकेका चित्रावर बोट ठेवत गेली. भूक. पाणी. झोप. पाणी. पंखा. पाणी. दुखतंय. पाणी. प्रत्येक चित्राला माझ्या बायकोचा तोच गोड, शांत आवाज. पाणी. आमची ही स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून स्वतःचा आवाज ऐकत होती. शेवटी आत निघून गेली.

बाईचा नवरा सुतार. दोन वर्षांपूर्वी त्याची वाचा गेली. उजव्या हाताची तीन बोटं चालतात, तेवढ्यांवर तो बोलपाटी चालवायचा. कुणीतरी तिला सुचवली होती. दीड वर्ष छान चाललं. भांडायचासुद्धा म्हणे तिच्यातून, 'नको' आणि 'तू' ही दोन चित्रं पाठोपाठ दाबून. जून महिन्यात फोन आपोआप अपडेट होऊन नवा झाला आणि त्या दिवसापासून हे. तो दुखतंय दाबायचा, बाई पाणी आणायची. तो मान हलवायचा, परत दाबायचा, ती परत पाणी आणायची. ती म्हणाली, मला ठाऊक असायचं की त्याला पाणी नकोय, पण दुसरं काय आणू ते कळायचं नाही. शेवटी त्याने फोन भिंतीवर मारला.

मी विचारलं, मला कळवलं का नाही? मदतीच्या पानावर पत्ता आहे ना?

तिने अकरा वेळा कळवलं होतं, टोल्या. तुझ्याकडे.

मदतीच्या पानावर मी ऑफिसचा ईमेल टाकला होता. बावीस वर्षं तो एकच पत्ता वापरला, दुसरा सुचलाही नाही. मूर्खपणा माझा, ते कबूल. मार्चमध्ये मला काढलं आणि रिवाजाप्रमाणे माझं टपाल वरिष्ठाकडे वळलं. वरिष्ठ म्हणजे तू. अकरा पत्रं. शेवटचं तिने मला दाखवलं, "साहेब, उत्तर नको असेल तर नको, फक्त हे बिघडलंय की आमचंच चुकतंय तेवढं सांगा." त्याचंही उत्तर नाही. मग आदल्या दिवशी तिने शिवणकाम बंद ठेवलं आणि ऑफिसच्या फाटकावर गेली. पहारेकऱ्याने माझं घर सांगितलं. त्याला घर माहीत होतं, कारण मला काढलं त्या दिवशी माझं खोकं उचलून इथपर्यंत तोच आला होता. तू नाही.

त्याच दुपारी मी तुला फोन केला. तू म्हणालास, हो रे, आली होती काहीतरी पत्रं, पण गेलेल्या माणसाशी कामाच्या टपालाबद्दल बोलायचं नाही असा नियम आहे. आणि लगेच, जणू मी त्यासाठीच फोन केला होता, म्हणालास, बरं झालं केलास, तुझ्यासाठी चांगली बातमी आहे. कंपनीला बोलपाटी आवडली आहे. एक कागद पाठवतो, सही कर, वर्षभरासाठी तुला परत आत घेतो. वहिनींना सांग, पेढे... असं काहीतरी बोलत तू हसलास. मीही हसलो. फोन ठेवल्यावर त्या हसण्याची मला इतकी किळस आली की मी चूळ भरून आलो.

कागद आला. त्यात लिहिलंय की बोलपाटी ही "कार्यालयीन वेळेत, कार्यालयीन साधनांवर" तयार झाली, सबब ती तिच्यातील ध्वनीसह कंपनीची आहे. हिने ते दोनदा वाचलं. तुला माहीत आहे, ही ग्रंथालयात काम करते, मोठ्याने बोलायची सवय नाही. त्या चारशे शब्दांसाठी ती आमच्या कपड्यांच्या कपाटात डोकं घालून बसायची, घुमू नये म्हणून. 'दुखतंय' हा शब्द तिने इतक्या वेळा म्हटला की शेजारीण मलम घेऊन आली होती. तर कागद खाली ठेवून ती म्हणाली, "माझा आवाज त्यांनी कुठल्या टेबलावर बनवला ते विचारा त्याला."

विचारतोय.

आणि आता टेबलाचंच निघालंय तर सगळं बोलू. कागदातलं पहिलं वाक्य अर्धं खरं आहे, आणि ते खरं आहे हे जगात फक्त दोघांना माहीत होतं. मला आणि तुला. चार वर्षांपूर्वी मावशीची वाचा गेली. शनिवारी तिला घरी सोडणार होते. बुधवारी तू माझ्या टेबलापाशी आलास, खुर्ची ओढलीस आणि रडलास. म्हणालास, महाराज, आई घरी आली की तिला काय हवं ते मला कळणार कसं? मी त्याच दुपारी डबा बाजूला ठेवून सुरुवात केली. तीन दिवस जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या संगणकावर बसलो. तू शेजारी बसून चित्रं निवडलीस. पहिलं चित्र पाण्याचं हवं, ती सारखी पाणी मागते, हे तूच म्हणालास. नऊ फायली झाल्या. पुढचं सगळं घरी झालं, सुट्ट्यांच्या दिवशी, चार वर्षं.

त्या नऊ फायलींची गोष्ट तू वर जाऊन सांगितलीस. त्या कुणासाठी होत्या हे मात्र कागदात आलेलं नाही.

सुताराला जे भोवलं तेही त्याच नऊ फायलींत होतं. मी उघडून पाहिलं. शुक्रवारी घाईत मी तिथे लिहून ठेवलं होतं: कुठल्या चित्राला हात लागला हे कळलं नाही, तर पहिला शब्द बोल. का? तर पाटी गप्प राहिली तर मावशीला वाटेल की मोडली. काहीतरी बोललेलं बरं. कळत नसलं तरी काहीतरी बोलून वेळ मारून न्यायची. ही माझ्या हातची चूक आहे, टोल्या, ती मी कुणावर ढकलणार नाही. फोन नवा झाला, पाटीला एकही चित्र कळेना, आणि ती मी शिकवल्याप्रमाणे पाणी पाणी म्हणत बसली. एक माणूस दुखतंय सांगतोय आणि माझी पाटी त्याच्या तोंडून पाणी म्हणतेय. देवासमोर बसलो की अजून तेच ऐकू येतं.

तुला मार्चमधली ती बैठक आठवत असेल. तू पडद्यावर होतास, मागे पांढरी भिंत. हातात कागद. त्यावरून वाचलंस, "आपल्या प्रदीर्घ सेवेबद्दल संस्था आपली ऋणी आहे." मला आपण म्हणालास तू. मी विचारलं, काढायच्या माणसांची यादी कुणी केली? तू परत कागदात पाहिलंस आणि तेच वाक्य पुन्हा वाचलंस. कळलं नाही तर पहिला शब्द.

यादी तू केलीस हे मला एप्रिलपासून माहीत आहे. आजवर बोललो नव्हतो. नोकरी गेल्याचा राग नाही म्हणत आलो, हिलाही तेच सांगितलं, देवालाही. खोटं सांगितलं. राग आहे. सकाळी दात घासताना असतो, भाजी निवडताना असतो. काढायचं होतं तर घरी येऊन सांगायचं होतंस. मी चहा दिला असता.

शाळेतली घंटा आठवते? तू ती दहा मिनिटं आधी बडवून पळालास, म्हणून तर तुझं नाव टोल्या पडलं. गुरुजी आले तेव्हा घंटेखाली मी उभा होतो. छड्या मी खाल्ल्या. तू वर्गात मान खाली घालून बसलास आणि सुट्टीत स्वतःची नवी पेन्सिल माझ्या दप्तरात टाकलीस. मी ती घेतली. तिथेच माझं चुकलं. वर्षभराचं काम म्हणजे तीच पेन्सिल आहे.

पण तुझ्यावर एवढं लिहून मी मोकळा होऊ शकत नाही, कारण एक गोष्ट तुलाही माहीत नाही. सहा वर्षांपूर्वी म्हातारबांना काढलं. मला काम शिकवलं त्यांनी, तुलाही. त्यांचं टपाल माझ्याकडे वळलं होतं. मी पहिल्याच दिवशी सोय करून टाकली की त्यांच्या नावाचं जे येईल ते न उघडता परस्पर कचऱ्यात जाईल. वाचलं असतं तर काहीतरी करावं लागलं असतं. तू निदान वाचलीस.

सुताराची बायको येऊन गेल्यावर दोन दिवसांनी मी म्हातारबांकडे गेलो. लेकीकडे असतात, बाल्कनीत कुंड्या सांभाळतात. सगळं सांगितलं आणि माफी मागितली.

त्यांनी विचारलं, "काय होतं रे त्या पत्रांत?"

मी म्हटलं, वाचलीच नाहीत.

"मग माफी कशाची मागतोस? ज्यांनी लिहिली होती ती माणसं शोध, त्यांना विचार." आणि कुंडीला पाणी घालत राहिले. जाताना म्हणाले, परत ये, पण असं तोंड करून येऊ नकोस.

मी तिथून घरी आलो आणि त्या नऊ फायली पुसून टाकल्या. घरच्या संगणकावरून, जपून ठेवलेल्या प्रतींतून, सगळीकडून. पुसण्याआधी एकदाही परत वाचल्या नाहीत, नाहीतर हात तेच पुन्हा लिहील. मग कोऱ्या पानावरून सुरुवात केली. अडीच आठवडे लागले. काही गोष्टी आधीपेक्षा बऱ्या झाल्या, काही नाही. पाटी आता उघडायला क्षणभर जास्त घेते, ते मला जमलं नाही. बाकी कंपनीच्या टेबलावरची एक ओळही आता तिच्यात नाही.

एक वाक्य नवं घातलंय. हिला परत कपाटात बसवलं. पाटीला काही कळलं नाही तर ती आता म्हणते, "मला समजलं नाही, पुन्हा सांगाल?" पहिल्यांदा ही ते रागाने म्हणाली. मी म्हटलं, एवढं नको. पाचव्या वेळी बरोबर आलं.

सोमवारी मी सुताराच्या घरी जाऊन त्याच्या फोनवर नवी पाटी बसवली. तो पलंगाला टेकून बसला होता, माझ्याकडे बघायलाही तयार नव्हता. बायकोने फोन हातात दिला तर बराच वेळ त्याने नुसता धरून ठेवला. मग एक चित्र दाबलं. दुखतंय. बाईने घाईघाईने विचारलं, कुठे? त्याने मानेने नाही म्हटलं, परत तेच दाबलं, परत, परत, सात-आठ वेळा. आत्ता कुठे दुखत नव्हतं त्याला. तो मागचं सांगत होता. बाई खाली बसली आणि तिने सगळं ऐकून घेतलं. मीही उभं राहून ऐकलं. मी ऐकायलाच हवं होतं.

तुझा कागद सोबत परत पाठवतोय. सहीची जागा कोरी आहे. वर्षभराच्या कामाबद्दल आभार, ते नको. घर चालेल. हिचा पगार आहे, मला दोन दुकानांची कामं मिळालीत, आणि पुढे काय ते पुढे. कंपनीला कज्जा करायचा असेल तर करू दे. ते विचारतील, नऊ फायली कुणासमोर लिहिल्या. तेव्हा तुला बोलावं लागेल. या वेळी घंटेखाली मी एकटा नसेन.

एक काम मात्र तुझ्यावर सोपवतो. मावशीच्या फोनवर अजून जुनी पाटी आहे. तो फोन आज ना उद्या नवा होईल आणि मग मावशीही फक्त पाणी म्हणेल. मी येऊन करून दिलं असतं, पण ते तू करायचंस. कसं बसवायचं ते मागच्या पानावर लिहिलंय, लहान मुलालाही कळेल इतकं सोपं. बसवून झालं की फोन तिच्या हातात दे, शेजारी बस, आणि ती चित्र शोधेपर्यंत थांब. आधीच पाणी आणायला उठू नकोस. तिला तुला काय म्हणायचंय ते मला ठाऊक नाही. तुलाही नाही.

आज सकाळी प्रार्थना आटोपली, हिला हाक मारून शेजारी उभं केलं, आणि दहा वाजता बोलपाटी सगळ्यांसाठी खुली केली. ज्याला हवी त्याने फुकट घ्यावी, ज्याला कळतं त्याने आत काय लिहिलंय ते वाचावं, चूक दिसली तर दुरुस्त करावी. मदतीच्या पानावर माझं पूर्ण नाव आहे, घरचा पत्ता आहे आणि हा फोन नंबर, जो मी स्वतः उचलतो.

मावशीला माझा नमस्कार.

तुला अजूनही तूच म्हणणारा,
महाराज