नानांचा ढोल अजून माझाच आहे

३ जून, मंगळवार
क्लिनिकमध्ये ढोल शिकवायला बोलावलंय. बायको अकोसुआ म्हणते, शिकवायला नाही, उपचाराला. डॉक्टरांनी पार्किन्सन्स लिहिलंय. अकोसुआला काय कळतंय! आमच्या राजांचा, नानांचा मिरवणुकीतला ढोल चाळीस वर्षं मीच वाजवतो. हात थरथरतो तो नुसता बसून बसून.

१० जून
शिकवणारी डेडे, राजधानी अक्राची पोरगी. आम्हा असांते लोकांना ताल शिकवायला अक्राहून! ढोल नाहीच, मोबाईल टकटक करतो आणि आम्ही नऊ म्हातारे पावलं टाकतो. मी म्हटलं, अशी टकटक सुतारपक्षीही करतो. ती म्हणाली, आजोबा, तो अडखळत नाही. उद्धट! पुढच्या मंगळवारी सुनावणार.

१७ जून
सुनावलं नाही. दारातच पाय जमिनीला चिकटले, डेडेने टकटक लावली तेव्हा सुटले. चपला बदलायला हव्यात.

१ जुलै
नव्या चपलाही भिकार. सूप शर्टावर सांडलं, अकोसुआ वाडगा काठोकाठ भरते. अक्षर बारीक येतंय, पेन चिनी आहे.
मला क्लिनिकला नेणारा भाचा अचियाव येऊन म्हणाला, मामा, सणाला मी वाजवू का? रीतीने ढोलाच्या काठ्या बहिणीच्या मुलाकडेच जायच्या, मान्य. पण मी मेल्यावर! मी जिवंत आहे हे या घरात कुणाच्या लक्षातच येत नाही. हाकलला.

१० ऑगस्ट, सकाळी
दरबारची वडीलधारी मंडळी जिन दारूची बाटली घेऊन आली. सणाला तुम्हीच वाजवा, असं विनवायला, दुसरं काय! त्यांच्या वतीने बोलणारा माणूस लांबण लावत होता. म्हटलं, पुरे, मला ठाऊक आहे. पेला घेतला. अर्धा जमिनीवर सांडला, अर्धा प्यायलो. सगळे गहिवरले.

तोच दिवस, दुपारी
अकोसुआ रडतेय. म्हणते, अहो, ते काठ्या परत मागायला आले होते. प्यायलात म्हणजे कबूल केलंत. आणि जमिनीवर सांडलं ते पूर्वजांना पोचलं, आता शब्द फिरवता येत नाही.
चाळीस वर्षं एका पेल्यात गेली. नानांना भेटून गैरसमज दूर करणार. उद्याच.

३१ ऑगस्ट, रविवार, सण
नानांना भेटणं जमलं नाही. तरी गेलो, अचियावच्या चुका काढायला. मिरवणुकीपुढे वेशीत शिरलो आणि पाय चिकटले. मागे ढोल थांबला, नानांवरची छत्री थांबली, खुद्द नाना थांबले. लोक म्हणाले, म्हाताऱ्याला उचला. अचियाव ओरडला, हात लावू नका! राजाचा ताल सोडून त्याने डेडेची टकटक वाजवली. नानांच्या ढोलावर! पाय सुटले.
लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिथेच मेलो असतो तर बरं झालं असतं.
पुढे शेवटपर्यंत कान देऊन ऐकलं. एकही चूक सापडली नाही.

२ सप्टेंबर, मंगळवार
क्लिनिकला गेलो. डेडेने विचारलं, आजोबा, आज तुम्ही शिकवणार ना?
म्हटलं, मोबाईल लाव.