खोली वाहनासाठी राखीव

३ जून, सकाळी १०.४०
नकाशावाल्या बाईंचा अर्ज. पाणीपुरवठ्याच्या आमच्या ऑफिसात एकोणीस वर्षं पाइपलाइनचे नकाशे काढतात. आता म्हणे संधिवात. दुसरा मजला चढवत नाही, तळमजल्यावर टेबल द्या. सोबत डॉक्टरांचं सर्टिफिकेट. खाली एक खोली रिकामी आहे, असंही वर सुचवलंय. रिकामी! तिथे माझी स्कूटर असते. नवी आहे. उन्हात रंग उडतो. या बाईंना स्वतःच्या गुडघ्यांपलीकडे काही दिसतच नाही.
निश्चय: ढिलाई नाही. विभागप्रमुख मी आहे.

५ जून
अर्जावर लाल पेनने शेरा मारला: ‘खोली वाहनासाठी राखीव. नामंजूर.’ चार शब्द. असं लिहायला अनुभव लागतो.

९ जून
ऑफिसचा लॉ ऑफिसर, म्हणजे आमचा कायदेवाला, वर आला. माणूस एवढासा, फायली हत्तीएवढ्या. म्हणाला, अपंगत्वाचा कायदा आहे, वाजवी सोय द्यावीच लागते. नाही म्हणायचं तर ऑफिसवर फार बोजा पडतो असं दाखवावं लागतं. काय बोजा पडतो ते लिहून द्या. मी म्हटलं, बोजा माझ्या डोक्यावर पडतो, रोज. म्हणाला, हे लिहू नका. भित्रा.

११ जून
बाई सव्वादहाला पोचल्या. जिन्यात दोनदा बसल्या म्हणे. शिपाई पाणी घेऊन धावला. नाटकं. लेटमार्क लावला. सगळ्यांना एकच नियम, यालाच समानता म्हणतात. कायदेवाल्याला कधीतरी समजावून सांगायला हवं.

१६ जून
स्टाफ मीटिंग. थोडी सहानुभूती दाखवायचं ठरवलं होतं. बाईंचं सर्टिफिकेट सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं, औषधांच्या नावांसकट. मग इच्छाशक्तीवर वीस मिनिटं बोललो. बाई पूर्ण वेळ खाली बघत होत्या. भारावल्या असाव्यात. कायदेवाल्याने कपाळ धरलं. आता यालाही सोय हवी असेल!

१७ जून
बाईंचं प्रमोशन थांबवलं. सीनियरला साइटवर फिरावं लागतं, गुडघ्यांना त्रास नको. निव्वळ दया. साधं थँक्यू नाही. उलट विचारतात, हे लेखी द्याल का? दिलं. सहीसकट.

२१ जून, संध्याकाळी
बायकोला सगळं सांगितलं. म्हणाली, स्कूटरवर कव्हर घाला ना. मी म्हटलं, प्रश्न स्कूटरचा नाही, तत्त्वाचा आहे. म्हणाली, मग तत्त्वावर घाला. हिला ऑफिसातलं काही कळत नाही.

२ जुलै
बाईंनी मोठ्या साहेबांकडे तक्रार केली! समिती चौकशी करणार. मी म्हटलं, आधी माझ्याशी बोलायचं. कायदेवाला म्हणाला, कर्मचाऱ्याने आपली अडचण वेळेत कळवायची असते. त्यांनी कळवली, लेखी, तारीख घालून, प्रतही जपून ठेवली. पुढचं काम आपलं होतं. ‘आपलं’ म्हणताना माझ्याकडेच बघत होता.
चौदा मुद्दे काढलेत. समिती गार होणार.

८ जुलै, दुपारी
चौकशी. पहिला मुद्दा अर्धा झाला तेवढ्यात अध्यक्षबाईंनी थांबवलं. माझा लाल शेरा वाचला. विचारलं, वाहन कोणाचं? म्हटलं, विभागप्रमुखाचं. विचारलं, वाहनाला काय होतंय? मागे कोणीतरी फिसकन हसलं.
मग नकाशावाल्या बाई बोलल्या. मला वाटलं रडतील. रडल्या नाहीत. म्हणाल्या, जिना चढत होते, दुखतं ते सोसत होते. पण माझी औषधं सगळ्या ऑफिसला ऐकवली, त्या दिवशी घरी जाऊन राजीनामा लिहिला. मुलीने फाडला म्हणून आज इथे आहे.
मी दुसरा मुद्दा शोधत होतो. कागद हातातून सुटले होते. उचलायला कोणी वाकलं नाही.

१५ जुलै
निकाल. खोली बाईंना. प्रमोशन मागच्या तारखेपासून. मी लेखी माफी मागायची. शिवाय ट्रेनिंग, ते होईपर्यंत विभागाचा चार्ज बाईंकडे. माझ्यावर कामाचा ताण आहे हे अखेर मोठ्या साहेबांच्या लक्षात आलं.
माफीनामा चार पानी लिहिला. त्यातली साडेतीन पानं माझी बाजू. बाईंनी वाचलाच नाही. म्हणाल्या, हे राहू द्या. किल्ली द्या.

२२ जुलै, दुपारी ३
नकाशे खाली गेले. त्यांच्यामागे नकाशे गिरवणारा ट्रेसर, टायपिस्ट, फोन, चहाची किटली. वर मी आणि पंखा. खालून हसण्याचे आवाज येतात. या लोकांना शिस्त लावणारं कोणी उरलं नाही.
शेवटी खाली गेलो. म्हटलं, माझंही टेबल इथेच लावा. वाटलं, टोमणा मारतील, उत्तर तयार होतं. बाई सरळ म्हणाल्या, हो, लावू की. अर्ज द्या, कारण लिहा. कारण असेल तर आजच सोय करते.
फॉर्म वर घेऊन आलो. नाव लिहिलं. हुद्दा लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला.

५.४०
‘कारण’ या शब्दापुढे तीन ओळी सोडल्यात. तिन्ही तशाच आहेत.