शनिवारचे देश

१२ जानेवारी, रविवार
शेवटची नोंद गणपतीतली. मधल्या महिन्यांबद्दल वहीची माफी. लिहिण्यासारखं काही घडलं नाही, असं म्हणणार होतो. पण ते खरं नाही. लेक अबोली कॉलेजसाठी बंगळूरला गेली. अर्चनाला बँकेत प्रमोशन मिळालं, पोस्टिंग नागपूर. घ्यायचं की नाकारायचं, ते तिने फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत कळवायचं आहे. दोन्ही बातम्या ऐकून मला काही वाटलं नाही. हे बरोबर नसावं.
निदान: घरात नवीन काही होत नाही. उपाय: दर शनिवारी एक देश. रायपुरात आता थाई, जपानी, सगळं मिळतं. अर्चनाला स्वयंपाकातून सुट्टी, आम्हाला बोलायला विषय. नागपूरचा प्रश्न आपोआप सुटेल. तिला सांगितलं. म्हणाली, बघा बाप्पा, तुमाले हौस असन तर. होकार धरला.

१८ जानेवारी, शनिवार. थायलंड
निघण्यापूर्वी घरी थोडा वरण-भात खाल्ला. बाहेरचं मानवलं नाही तर पोटाला आधार हवा. आई कुणाच्या लग्नाला जेवायला निघतानासुद्धा आम्हाला खाऊ घालायची. अर्चनाने कुकर लावला, मी टेबल बुक केलं. कामाची समान वाटणी.
वेटरने विचारलं, सर, तीखा कम करवा दें? मी हव म्हणून मान डोलावली. नारळाची कढी आली. भूक नव्हती. अर्चनाला विचारलं, कसं वाटतंय. म्हणाली, ठीक. सुरुवात उत्तम.

२५ जानेवारी, शनिवार. जपान
सुशीत पनीर टिक्का. मालक इथल्याच गुढियारीचा पोट्टा. म्हणाला, अंकल, कच्ची मछली यहाँ कौन खाएगा. पटलं. मी चमचा मागितला. अर्चना काड्यांनी सहज खात होती. हे ती कधी शिकली? विचारायचं राहिलं.
संकल्प: पुढच्या वेळी घरून उपाशी निघायचं.

१ फेब्रुवारी, शनिवार. लेबनॉन
संध्याकाळी डोकं जरा जड वाटलं. मी काही बोललो नव्हतो, तरी अर्चनाने कुकर लावला. अन्न वाया घालवणं योग्य नाही.
हमस म्हणजे थंड पिठलं, असा मी विनोद केला. ती म्हणाली, काहून नावं ठेवून राहिले, जेवू द्या की. तिने वाटी पुसून खाल्ली. एवढी भूक कशी, विचारलं. मी तं जेवायलेच येते, म्हणाली. म्हणजे घरून ती खाऊन निघत नाही. लक्षात आलं नव्हतं. नोंद करून ठेवतो.

८ फेब्रुवारी, शनिवार. इटली
पिझ्झा येता येता अबोलीचा फोन. आधी माझ्याशी बोलली. पापा, आज कौन सा देश? मराठीत विचार, म्हटलं. हसली, आणि मम्मी को दो म्हणाली. मग दोघी नागपूरच्या फ्लॅटबद्दल बोलत राहिल्या, दोन खोल्या पुरतील का वगैरे. तात्त्विक चर्चा असावी. अर्चना हसत होती. उपाय लागू पडतो आहे.

१५ फेब्रुवारी, शनिवार. कोरिया
ऑफिसातून आलो. अर्चना तयार होऊन बसलेली. ओट्यावर कुकर नाही. मी म्हटलं, दोन घास खाऊन निघू. ती म्हणाली, दर शनिवारी मले आधी तुमचा कुकर लावा लागते, मंग तुमच्या देशात जा लागते. मी बँकेले हो कळवलं. तीन मार्चले जॉइन व्हायचं.
आवाजात राग नव्हता. तो असता तर समजूत घालता आली असती. मी विचारलं, मग आजचं? टेबल वाया जाऊ नये म्हणून ती एकटीच गेली. रिकाम्या पोटी निघणं मला जमलं नाही.
बिस्किटं खाल्ली.

२ मार्च, रविवार
सकाळच्या गाडीने अर्चना गेली. स्टेशनवर काहीतरी बोलायला हवं होतं. म्हटलं, नागपुरात रेस्टॉरंट जास्त असतील. ती म्हणाली, कुकर खालच्या कपाटात आहे, डाळ वरच्या. गाडी सुटली. हात हलवला. काही वाटलं नाही. परतताना घराकडचं, चौबे कॉलनीचं वळण चुकलो, एवढंच.
योजना मात्र सोडायची नाही. संध्याकाळी एकट्याने थायलंडला जायचं ठरवलं. कपडे केले. पण आधी पोटाला थोडा आधार हवा. डाळ धुतली. कुकर काढला. तिथेच थांबलो.
परत घरचे कपडे घातले.
उद्या: अर्चनाला फोन करून विचारणे, वरणाला शिट्ट्या किती.